थर्सडे आयलंडवरचा दगड

नारळाच्या दुधात लाल भोपळा शिजत असला की त्याचा गोडसर, जड वास घरभर रेंगाळतो. आज दुपारी सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या या नव्या घरात तो पसरला आणि मला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापलीकडची ती बेटं आठवली.

तेव्हा आम्ही मेलबर्नमधल्या क्लेटनला शिकत होतो. एकेका घरात सहा-सहा मुली राहायच्या, आणि दर सेमिस्टरला विमानं भरभरून नवे विद्यार्थी येत. माझ्या खोलीतली मैत्रीण नाशिकची, अकाउंटिंग शिकणारी. त्या बेटांवर गेलो त्याच्या आदल्या वर्षी तिचे वडील गेले. परीक्षा बुडू नये म्हणून घरच्यांनी सगळं उरकल्यावरच तिला कळवलं. कळल्यापासून तिसऱ्या दिवशी तिने पेपर लिहिला. त्यानंतर वडिलांविषयी ती बोललीच नाही, घरीही गेली नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायचं कसं, हे त्या वयात ठाऊक नव्हतं.

माझ्या नर्सिंगच्या वर्गातली एक मुलगी थर्सडे आयलंडची होती. जुलैत मेलबर्नला हाडं गोठायला लागली तेव्हा ती आम्हा दोघींना घरी घेऊन गेली. केर्न्सहून लहान विमान, मग फेरीबोट. खाली पाणी निळं-हिरवं, आणि अंगातले कपडे फडफडवणारा अखंड वारा. पाहण्यासारखं होतं ते सगळं आम्ही पाहिलं. टेकडीवरच्या किल्ल्यातल्या समुद्राकडे तोंड केलेल्या जुन्या तोफा पाहिल्या, मोत्यांसाठी बुड्या मारताना मेलेल्या जपानी पाणबुड्यांची कलंडलेली थडगी पाहिली. धक्क्यावर बसून गळ टाकले, मासा मात्र एकही लागला नाही.

शनिवारी त्या मुलीच्या आजोबांचा दगड उघडायचा होता. माणूस गेल्यावर काही वर्षांनी थडग्यावर कोरीव दगड बसवतात, तो फुलाफुलांच्या कापडांनी झाकतात, आणि सगळे नातलग जमले की एकेक कापड उतरवून शोक संपवतात. शेवटचं कापड निघालं तसं सगळ्यांनी त्या म्हाताऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. मग ढोल, नाच, आणि भोपळा-कंदांची ती नारळातली भाजी.

जेवताना त्या मुलीची आजी माझ्या नाशिकच्या मैत्रिणीशेजारी येऊन बसली. तुझे वडील कुठे असतात, असं तिने सहज विचारलं. मी भाताकडे पाहत राहिले.

"ते गेले," मैत्रीण म्हणाली. "आमच्यात दगड नसतो. राख नदीत सोडतात. मी तिथे नव्हते."

आजीने तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. "मग तुझं राहिलंय अजून," ती म्हणाली. "जाऊन ये. आम्हीसुद्धा तीन वर्षं थांबलो."

मैत्रीण रडली नाही. जेवण संपवून उठली आणि बायकांबरोबर भांडी घासायला लागली. घासता घासता वडिलांविषयी सांगू लागली, इंग्रजीत, अनोळखी माणसांना. मी शेजारी उभी राहून भांडी पुसत होते.

डिसेंबरात ती नाशिकला गेली. परतल्यावर ती एवढंच म्हणाली, आई आणि मी नदीवर जाऊन आलो, दोघी मिळून रडलो. आता तीही सिडनीतच, वेस्टमीडला राहते. वर्षातून एखाद वेळा भेटतो, मुलांच्या शाळांविषयी बोलतो.

काळ पुढे सरकला की दुःख आपोआप मागे पडतं, असं मी पूर्वी धरून चालत असे. आता तसं वाटत नाही. कुणाला तरी एक दिवस ठरवावा लागतो, माणसं बोलवावी लागतात, भात टाकावा लागतो. नाहीतर वर्षं नुसती जात राहतात.