सरहद्दीवरचं सैन्य

नव्याण्णव सालच्या दिवाळीत मी माझी नोकरी एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन गावी गेले. देताना तसं मुळीच वाटलं नव्हतं.

नगरजवळच्या एका पॉलिटेक्निकात मी लॅब असिस्टंट होते, तीही हंगामी. इंटरनेट नवंनवं आलेलं. कॉलेजचं खातं एकच, प्राचार्यांच्या नावाचं. बोर्डाच्या मेल त्याच्यावर यायच्या, आणि पासवर्ड फक्त त्यांना आणि मला ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच मेलवर नाव नोंदवून एक खेळ खेळायचे. ब्राउझरमध्ये नकाशा उघडायचा. प्रत्येकाचं एक राज्य, आणि प्रत्येकाला दिवसातून एकच चाल. सैन्य हलवा नाहीतर धान्य साठवा, आणि उद्याची वाट पाहा. चाल चुकली की लचका तोडायला शेजारी टपलेलेच. माझ्या राज्याला लागून कॅनडातल्या कुणाचं तरी राज्य होतं. आमची मैत्री होती, म्हणजे चार-पाच महिने आम्ही एकमेकांवर चालून गेलो नव्हतो.

दिवाळीत लॅबला आठ दिवस कुलूप लागणार होतं. मी सोनईची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडे कुणी परगावी गेलं की त्याची पाण्याची बारी, म्हणजे पाळी, शेजारी सांभाळतो. न सांभाळणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. तेच डोक्यात धरून मी कॅनडावाल्याला मेल केली: आठ दिवस माझी चाल तू कर, हा पासवर्ड. त्यानेही लगेच स्वतःचा पाठवला. कधी माझं अडलं तर तू कर, म्हणाला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझे वडील, अण्णा, शेजाऱ्याच्या गव्हाला पाणी देत होते. तो सासुरवाडीला गेलेला. पाण्याच्या चारीच्या कडेला बसून मी त्यांना मोठ्या कौतुकाने माझ्या खेळाची हकीकत सांगितली.

"मंग त्याचं गाव कोन्तं?" अण्णांनी विचारलं.

"ते नाही माहीत. कॅनडात कुठंतरी."

"बापाचं नाव?"

अण्णांनी शेजाऱ्याच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

"ह्याचं घर मला म्हाईत हाय, बाई. उद्या दगा केला तर त्याच्या दारात जाऊन बसन मी. तू कुनाच्या दारात बसशीन?"

मी ताडकन उठले. कारण खेळाचा आणि कॉलेजच्या मेलचा पासवर्ड मी एकच ठेवला होता. दोन-दोन कोण लक्षात ठेवणार! मेलचा पत्ता तर त्याच्याकडे होताच. आता तो प्राचार्यांच्या नावाने बोर्डाला वाट्टेल ते लिहू शकत होता. नोकरी गेली तर सोनईत परत, आणि तिसगावचं स्थळ वर्षभर होकाराची वाट पाहत बसलेलंच होतं. फराळाचं ताट मी तसंच बाजूला सरकवलं. आईला वाटलं दृष्ट लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पाडव्याला मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी एसटीने नगर गाठलं. निम्मा बाजार बंद. स्टँडजवळचं सायबर कॅफे नशिबाने उघडं होतं. मालक पूजा आटोपून पेढे वाटत होता. मॉडेम कोकलून एकदाचा जोडला गेला. आधी मेलचा पासवर्ड बदलला. मेल सगळ्या जागच्या जागी दिसत होत्या. पण त्याने वाचल्या असतील तर? त्याचं उत्तर कोण देणार!

मग खेळ उघडला. त्याचं सैन्य माझ्या सरहद्दीच्या आत उभं होतं, सगळंच्या सगळं. अण्णांचंच खरं होतं! मी मागचापुढचा विचार केला नाही. त्याचा पासवर्ड घातला, त्याच्या राज्यात शिरले आणि त्याचं सगळं सैन्य बरखास्त करून टाकलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मी खेळातली माझी निरोपांची पेटी उघडली. त्याचा निरोप दोन दिवसांपूर्वीचा होता: उत्तरेचा राजा तुझ्यावर चालून येतोय, तुझं सैन्य कमी पडेल, म्हणून माझं सगळं तुझ्याकडे आणून ठेवलंय. काळजी करू नकोस, सण नीट कर.

केलेली चाल मागे घेता येत नसे. सुट्टीनंतर लॅब उघडली तेव्हा उत्तरेच्या राजाने आमची दोन्ही राज्यं नकाशावरून पुसून टाकली होती. नवा पासवर्ड मी प्राचार्यांना सांगितला, पण तो का बदलला ते त्यांना कधीच कळलं नाही. नोकरी राहिली, पुढे कायमही झाली. मात्र मेलमध्ये कॅनडावाल्याचं पत्र येऊन पडलेलं होतं, आणि ते उघडायला मला दुपारपर्यंत धीर झाला नाही.

त्याने लिहिलं होतं: कुणीतरी माझा पासवर्ड चोरून सैन्य मोडून टाकलं. तुझं राज्य मला राखता आलं नाही, माफ कर. तो चोर आता तुझ्याकडेही येईल, तेव्हा तुझा पासवर्ड लगेच बदल.

मी एका ओळीचं उत्तर पाठवलं, की बदललाय.