गेटवरच्या कॉम्प्युटरशी शालनबाईचं भांडण

पहिल्या पाळीच्या बायका गेटातून आत शिरल्या त्या तोंडाचा पट्टा सोडूनच. सगळ्यांत पुढं यशोदाबाई. गाव तिकडं परभणीकडं, राहायला तळवड्यात, काम असेंब्ली लाइनला.

"शालनबाई, कुठं घातलास आमचा थांबा? मोबाइलवर जुनाच चौक दाखवायलाय. आम्ही तिथं उभं अन् बस दुसरीकडून गेली. रिक्षा करून आलो, तर वर साहेब म्हणायलेत, उशीर झाला, खाडा लागंल!"

शालनबाई गेटच्या केबिनीत बसायची. चाकणच्या ह्याच कंपनीच्या भिंतीखाली तिच्या सासऱ्याचं कांद्याचं रान गेलेलं. त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती नवरा गेल्यावर हिच्याकडं आली. कॉम्प्युटर शिकवला सुनेनं, मोनिकानं. एका बोटानं टाइप करायची, पण केलेलं चारदा वाचायची. गावात बांधाचा तंटा असो की सोयरीक, "शालन म्हनली ना? मग झालं," एवढ्यावर माणसं उठून जायची.

कंपनीच्या बसचे थांबे इंटरनेटवरच्या एका पानावर असत. ते मोबाइलवर बघूनच बायका घर सोडत. तळवड्याचा चौक खणून ठेवला म्हणून बाईनं आदल्या दिवशीच थांबा बदलला होता, सेव्हचं बटण दाबलं होतं आणि बदललेलं पान डोळ्यांनी बघूनच ती घरी गेली होती.

"मी बदललाय यशोदे. ये, बघ की हितं!"

यशोदाबाईनं खिडकीतून मान आत घातली. कॉम्प्युटरवर थांबा नवा. तिच्या हातातल्या मोबाइलवर जुना. तिनं शालनबाईकडं असं बघितलं, की त्यापेक्षा शिवी बरी.

तेवढ्यात प्रशासनाचे गणराज साहेब आले. "राहिलं असेल तर राहिलं म्हणा, शालनबाई. वय झालं की होतं."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, मी इसरंन, पर केलं न्हाई त्ये केलं म्हननार न्हाई!"

तिनं हिंजवडीला अझहरला फोन लावला. कंपनीची पानं सांभाळणारा पोरगा. फोन स्पीकरवर टाकून तिनं खिडकीत ठेवला, सगळ्यांच्या देखत.

"मावशी, तुमचा काही दोष नाही," अझहर म्हणाला. "तुमच्या मशीनवरचा ब्राउझर, म्हणजे ज्यातून तुम्ही इंटरनेट उघडता ते, जुनंपुराणं झालंय. आम्ही पान नवं केलं, ते त्याला झेपत नाही. तुमचा बदल तुमच्याच मशीनमध्ये दिसतो, आमच्याकडं पोचतच नाही. साहेबांना कळवलंय की मी, दोनदा!"

बायकांच्या माना साहेबांकडं वळल्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढला.

"त्याला हात लावला की गेटपास छापायचं बंद पडतं," ते म्हणाले. "चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"चालतीय व्हय ही गाडी? दर खंडेनवमीला ह्या डबड्याला हार घालता, हळदकुंकू वाहता, नारळ फोडता. पूजा करून यंत्र तरणं हुतंय का? आमी बैलाला पोळ्याला झूल घालत हुतो, पर म्हातारा झाल्यावर त्याला नांगराला न्हाई जुंपला! उठा, बसा हितं. तुमीच बदला थांबा."

साहेब बसले. नको कसं म्हणणार, बायका दार अडवून उभ्या. त्यांनी थांबा लिहिला, सेव्ह केलं. पडद्यावर नवा थांबा ऐटीत झळकला.

"जुनाच चौक हाय, साहेब," मोबाइल नाचवत यशोदाबाई म्हणाली. "तुमचंबी वय झालं जणू!"

मागं खसखस पिकली. साहेब तरातरा गेले, स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले आणि त्यावरून तोच बदल केला. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर थांबा बदलला.

ते बघून शालनबाई निवायची सोडून जास्तच भडकली. एवढंसं काम होतं, आणि ह्याला ठाऊक होतं!

"आता ह्यास्नी सांगा."

"टेक्निकल इश्यू होता," साहेब बायकांना म्हणाले.

"त्ये न्हाई. शालन खोटं बोलली न्हाई, म्हना. अन् खाडा लागनार न्हाई, म्हना."

साहेब काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," यशोदाबाई म्हणाली.

साहेबांनी ते पुन्हा म्हटलं, शब्द न् शब्द, गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल एवढ्यानं. मग ते लॅपटॉप उचलायला वाकले, तर शालनबाईनं त्यावर हात ठेवला होता.

"ह्यो हितंच ऱ्हाईल. नवीन मशीन आलं की न्या."