अर्धी माळ

नाग मांडीवर चढला तेव्हा माळ अर्धीच झाली होती. माळ पुरी झाल्याशिवाय आसन सोडायचं नाही, ही माझ्या गुरूंची शिकवण. दारात सून काठी घेऊन उभी. "आई, हलू नका हो!" हलणार कशी? पाय लुळे पडले होते, देवाचं नावसुद्धा आठवेना. बोटं तेवढी सवयीने मणी ओढत राहिली. नाग उतरला आणि मोरीतून निघून गेला.

पुढे गुरूंना खरं सांगितलं, "मी नामात नव्हते महाराज, भिऊन बसले होते."

"बसलीस ना? मी तेवढंच शिकवलं होतं."

अजूनही जपाला बसल्यावर मांडीवर पदर सरकला की अंगावर काटा येतो. यात श्रद्धा किती न् भीती किती, मला कळत नाही. त्या दिवशी मी वाचले, आणि नागही वाचला.