नापास करणारी परीक्षा हवी

व्यायामशाळेत वजनं वापरून झाली की जागेवर ठेवायची, असा नियम आहे. किस्से मात्र कुणीच जागेवर ठेवत नाही; जो तो आपला तिथंच टाकून घरी जातो. सोलापुरातल्या आमच्या व्यायामशाळेत गेल्या दोन वर्षांत ते इतके साठले, की काही उचलून ठेवतो. तपशिलात चूक असेल. माझा माझ्यावर फारसा भरवसा नाही.

*

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट बेडकाच्या मांडीच्या स्नायूवर. पहिल्या दिवशी हे मी आमच्या कोच पल्लवी कांबळेला जरा सविस्तर सांगितलं. ती मंगळवेढ्याची, बी.ए. झालेली, पूर्वीची कबड्डीपटू. वय माझ्या नातीएवढं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हात न टेकता खुर्चीवरनं उठून दाखवा."

मी तीनदा प्रयत्न केला.

शेजारी अंबादास अण्णा सायकल मारत होते. चादरींचा कारखाना मुलांवर सोपवून मोकळे झालेले. ते म्हणाले, "बेडूक उठला असता की, सर."

*

अकलूजच्या एका शाळेला खेळाडू मुलींची ताकद वाढवणारा कोच हवा होता. पल्लवीचं काम त्यांनी पाहिलं होतं, पसंतही होतं. अट एकच: जूनच्या आत प्रमाणपत्र, आणि तेही विश्वास ठेवण्याजोगं. पल्लवीला ही नोकरी मनापासून हवी होती.

"सर, तुमी शिकलेली माणसं. कुठलं खरं, कुठलं खोटं, तेवढं बघून द्या."

तिनं तीन कोर्सची यादी पुढं केली. मी घाबरलो. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा होता. म्हणून एका ऑनलाइन कोर्सला आधी स्वतःच बसून पाहिलं. चहा थंड व्हायच्या आत पास! तासाभरात माझ्या फोटोसह प्रमाणपत्र आलं: सर्टिफाइड स्ट्रेंग्थ कोच. तोवर मी वजनं न लावलेला लोखंडी बारसुद्धा उचललेला नव्हता.

अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं. मग म्हणाले, "पल्लवी, सरक जरा बाजूला. नवे कोच आलेत."

*

दुसऱ्या संस्थेला पल्लवीनंच फोन लावला, स्पीकरवर.

"तुमच्याकडं नापास कितीजण होतात?"

"एकही नाही, मॅडम. गॅरंटी."

फोन ठेवून तिनं विचारलं, "अण्णा, तुमच्या कारखान्यात खराब चादर निघायची का?"

"निघायची की. बाजूला काढायला माणूस ठेवला होता."

"आणि माणूस नसता तर?"

"तर दुकानदारानं पुन्हा आमचा माल घेतला नसता."

पल्लवीनं यादीतलं ते नाव खोडलं. आयुष्यभर पेपर तपासून मला जे सुचलं नव्हतं, ते तिनं एका फोनमध्ये विचारलं होतं.

*

उरला एकच कोर्स. पदवी हवी. हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, ते आधी शिकून यायचं. मग लेखी परीक्षा, आणि वर पुण्यात परीक्षकासमोर प्रात्यक्षिक. काही वर्षांनी प्रमाणपत्राची मुदतही संपते. पुढं शिकत राहिलं तरच नवं मिळतं. शिवाय बरेच जण नापास होतात, हे संस्थेनं आपल्या माहितीपत्रकातच छापलं होतं.

मी म्हणालो, "हाच."

आणि घरी पोचेपर्यंत पस्तावलो. ती नापास झाली तर पुढची परीक्षा जूननंतर. म्हणजे अकलूज गेलं, आणि गेलं ते माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी चाचरत विचारलं, "सोपं एखादं बघू या का?"

"सर, त्या पोरी माझ्या भरवशावर वजन उचलणार हायत. सोपं कशाला?"

*

लेखीसाठी मी शिकवणी घेतली. स्नायू लांबत असताना भार पेलतो तेव्हा त्याला काय होतं, यावर तासभर बोललो. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग मला जिन्यावरून अगदी सावकाश खाली उतरायला लावलं, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या, की पलंगावरून उठवेना. पल्लवीला फोन केला.

"कालचा धडा हाच हुता न्हवं, सर?"

*

लेखीत ती पास झाली. प्रात्यक्षिकाला सोबत म्हणून मी पुण्याला गेलो. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. परीक्षक धिप्पाड, केस पिकलेले, कामापुरतं बोलणारे. समोर एक तरुण खेळाडू आणि जमिनीवर वजनं लावलेला बार. त्याला तो नीट उचलायला शिकवायचं, घड्याळ लावून.

पल्लवीनं त्याला थोडं वाकायला लावलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि बारवरची वजनं काढायला लागली.

परीक्षक म्हणाले, "वेळ चालू आहे. बार उचलला गेला नाही तर मार्क नाहीत."

"नसू द्या, सर. ह्याची कंबर दुखतीया."

"तो तसं म्हणालेला नाही."

"न्हाय म्हणाला. पण मघाशी पडलेला टॉवेल त्यानं पायानं उचलला."

मी सारा वेळ त्याच्याकडेच बघत बसलो होतो. मला टॉवेल दिसलाच नव्हता.

खेळाडू खाली मान घालून म्हणाला, "सकाळपासून दुखतेय."

परीक्षकांनी घड्याळ बंद केलं. संपलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते बाह्या दुमडून स्वतः बारसमोर उभे होते.

"चला, मला शिकवा. वेळ नव्यानं लावतो."

पल्लवीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सर, वजनाला हात लावायच्या आधी सांगा, बी.पी.ची गोळी चालू हाय?"

परीक्षकांनी दुमडलेली एक बाही पुन्हा खाली केली.

"आहे," परीक्षक हळूच म्हणाले. "घरी माहीत नाही अजून."