दोन साक्षीदारांचा दगड

आमच्या केलाबित लोकांच्या डोंगरात ओढ्याकाठी एक दगड आहे. त्यावर हातपाय फाकवून पडलेला माणूस कोरलाय, बेडकासारखा. तो आपला पणजा, असं मारानकाकांचं म्हणणं. छे, तो आमचा, असं सुपांगआजीचं. तीस वर्षं दोघं शेजारी राहून यावर भांडतायत. प्रार्थनेत तेवढी शांतता.

यंदा कुचिंग शहरातून हस्नाहबाई आल्या, पुरातत्त्ववाल्या. दगडाशेजारी फलक लागणार, नाव एकच येणार. काकांची झोप उडाली.

बाईंनी काकांचं म्हणणं लिहून घेतलं आणि आपल्या गुरूंची जुनी वही काढली. "लियान नावाच्या तरुणानं चाळीस वर्षांपूर्वी हेच सांगितलंय, अगदी शब्दाला शब्द. दोन स्वतंत्र साक्षीदार! लियान तुमच्या नात्यातला का?"

"जवळचा," काका म्हणाले.

आता आमच्यात मूल झालं की आईबाप नवं नाव घेतात, नातवंड झालं की आणखी एक. काकांना नुकतीच नात झाली होती. शनिवारी नामकरणाची मेजवानी, म्हैस कापलेली, बाई पहिल्या रांगेत. आणि रिवाज असा, की नवं नाव पुकारण्याआधी जुनी सगळी पुकारायची.

काकांनी मला कोपऱ्यात ओढलं. पुकारणारा मीच होतो.

"पहिलं नाव गाळ."

"गाळतो. पण मग नवं लागू होत नाही. नातीला बिननावाचा आजा चालेल?"

काकांनी म्हशीच्या पातेल्याकडे एकदा बघितलं. "पुकार मेल्या. मोठ्यानं."

मी पुकारलं: लियान होता, मारान आयू झाला, आजपासून गालिह बाला. टाळ्या पडल्या. बाईंनी वहीत एक साक्षीदार खोडला.

"एकास एक," सुपांगआजी मांस चघळत म्हणाली. तिला फार गोड लागत होतं.

बाईंचं पेन थांबलं. "आजी, तुमचं पहिलं नाव काय होतं?"

आजी पातेल्यात आणखी मांस शोधू लागली. सगळा गाव एकसुरात म्हणाला, "रिबेद."

बाईंनी पानं उलटली आणि वाचलं: "रिबेद, वय अठरा. म्हणते, दगडावरचा माणूस लियानचाच पणजा. आमच्या पणज्याला ओढ्याचीसुद्धा भीती वाटायची."

काका मान वळवून आजीकडे बघू लागले.

"बघतोस काय," आजी म्हणाली. "तेव्हा तुझ्याशी लग्न ठरत होतं. त्या वयात कुणाचाही पणजा शूर दिसतो."