नाणेफेकीशिवाय कबड्डी नाही!

आमच्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासला एसी होता, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. दाराशी जेवढ्या चपला, तेवढे किस्से! त्यातले हे नव्वदच्या दशकातले, आमच्या कबड्डीच्या गेमचे. गेम माझ्या बॅचमधल्या प्रमोदनं लिहिला. पण मेनू माझा, हे मी आजही ठणकावून सांगते.

*

त्याआधीचा मेनू प्रमोदचा होता. बारा ओळी, सगळ्या इंग्रजीत. पहिलीच ओळ 'कॉन्फिगरेशन'!

गेम धुळ्याच्या प्रदर्शनात मांडायचा होता. क्लासच्या सरांनी अट घातली, "एकानं जरी तुम्हाला 'कसं सुरू करायचं' असं विचारलं, तर गेम बंद. त्या टेबलावर ॲडमिशनचे फॉर्म ठेवीन!"

प्रमोद म्हणाला, "त्यात विचारण्यासारखं आहे काय?"

*

सोनगीरचे माझे नानाकाका तरुणपणी कबड्डीत गाजलेले. पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होते. सातव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"हाई बठ्ठं वाचता वाचता मॅच सरी जाई!"

'सगळं वाचेपर्यंत मॅच संपेल' हे प्रमोदला झोंबलं, दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. काका माझे होते ना!

*

मग मेनू मी हातात घेतला. फक्त तीन ओळी, त्याही मराठीत. त्या कॉम्प्युटरवर मराठी कुठली? आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून एकेक अक्षर काढलं. 'चढाई'तला ढ मात्र थेट पडद्यावर जुळवत बसले; तो तिसऱ्या दिवशी जमला आणि लाइट गेली! सेव्ह केलंच नव्हतं. मी रडकुंडीला आले.

प्रमोद शांतपणे म्हणाला, "आता पाठ झालाय ना? काढ परत."

असा राग आला त्याचा! पण ढ तासाभरात झाला.

*

मग शाळेतल्या पीटीच्या मास्तरांना बोलावलं. पहिली ओळ होती 'खेळ सुरू करा', खाली 'लांब बटण दाबा'. मास्तर हाताची घडी घालून बसले. पाच मिनिटं झाली तरी हलेनात.

"मास्तर, काही अडलं का?"

"छे! टॉसची वाट बघतोय."

आम्ही कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी पहिली ओळ 'नाणेफेक' झाली. माझं नाणं भाकरीसारखं दिसत होतं, पण मास्तरांनी ते बघताक्षणी बटण दाबलं!

*

धुळ्याला सर स्विचपाशी, आम्ही दोघं बाजूला नुसते उभे. नऊवारीतल्या एक अक्का धाकट्या भावाला घेऊन आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. वाचलं, लांब बटण दाबलं. नाणं उडालं. "छापा!" अक्का मोठ्यानं ओरडल्या. मग चढाई घेतली, दोन गडी बाद करून परतल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अभिमानानं माझे डोळे भरून आले.

अक्का उठल्या, भाऊ बसला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

"ताई, हाई कसं चालू करतस?"

सरांचा हात स्विचवर गेला. तेवढ्यात अक्कांनी भावाच्या पाठीत धपाटा घातला.

"त्यास्ले काय इचारस? त्या तं निस्ता उभा शेतस! इकडे देख, मी सांगस!"

आम्हा 'नुसत्या उभ्या' असलेल्यांकडे बघून सर हसले आणि त्यांनी स्विचवरचा हात काढला.