पाहुण्यांसाठीची चूल

कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मी एका खेड्यातल्या कॉटेजमध्ये राहायला गेले होते. तिथे स्वयंपाक आपला आपण करायचा. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. समोर शेणाने सारवलेली चूल होती, अगदी आमच्या घरातल्यासारखी. घरी चूल आहे हे मी वर्षभर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"तुम्हीही चुलीवरच करता ना, मावशी?" कॉटेज सांभाळणाऱ्या बाईंना मी विचारलं.

"छे गं. आमच्याकडे गॅस आहे. धुराने डोळे जातात. ही पाहुण्यांच्या हौसेसाठी."

आईचे कायम लाल असलेले डोळे आठवले. तुला हौस आहे का, असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मैत्रिणी चूल फुंकून दमल्या. मी ओलं लाकूड मागे ओढलं, काटक्या रचल्या, फुंकणी घेतली. जाळ धरला. पहिल्या भाकरीचा तुकडा सवयीने आगीत टाकला, आई अग्नीला देते तसा.

"हे कुठे शिकलीस गं?" मृणालने विचारलं.

व्हिडिओ बघून, असं ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, "घरी. आई चुलीवरच करते."

डोळे चोळणारा मृणालचा हात थांबला.

"रोज?"